ताट आठवीपर्यंतच का?
वज्रेश्वरीच्या आसपासच्या पाड्यांवर हंगामात आई उजाडायच्या आत वीटभट्टीवर निघते. डबा भरायचा कोणी? म्हणून झेडपीच्या शाळेतली दुपारची खिचडी मला सरकारी योजनांमधली सर्वांत मोलाची वाटते. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलंच जेवण द्या असं बजावलं. तोवर अनेक राज्यांत मुलांच्या हाती कोरडं धान्यच पडायचं. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. पण आठवी संपली की ताट बंद. नववीतल्या मुलीने मग घरून भाकरी आणायची, नाहीतर नाक्यावरचा वडापाव खायचा, तोही हातात पैसे असले तर. ऐन वाढीच्या वयात! हे जेवण दहावीपर्यंत न्यायलाच हवं, आणि त्यात अंडंही हवं.