पाहुणा आला, पण घरच्यांचं काय?

पावसाळा सरला, थंडीची चाहूल लागली, की गल्लीबोळात, बांधकामाच्या वाळूच्या ढिगाआड, एसटी स्टँडच्या मागे कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात. मग एखाद्या संध्याकाळी शाळेतून आलेल्या लेकीच्या दप्तराआडून एक ओलं नाक बाहेर डोकावतं. 'आई, फक्त चार दिवस गं! कुणीतरी नेईपर्यंत.' आणि आपण विरघळतो. विरघळणारच. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेव महाराजांची गोष्ट ऐकत आपण मोठ्या झालो ना!

कायमचं घर मिळेपर्यंत जनावर आपल्याकडे सांभाळायचं, याला शहरात 'फॉस्टर करणं' म्हणतात. शब्द नवा, पण काम ओळखीचं. बाळंतपणाला आलेली नणंद, कॉलेजसाठी राहिलेला भाचा... तात्पुरत्या पाहुण्यांचं सगळं आपण बायकांनीच तर केलंय. पण मैत्रिणींनो, या पाहुण्याच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. घरात आधीच एखादा म्हातारा मोत्या असतो, चुलीपाशी झोपणारी मनी असते, परसात चार कोंबड्या असतात. त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. म्हणून नव्याला जीव लावण्याआधी जुन्यांचा जीव सांभाळायचा, हा पहिला नियम.

त्याच्याही आधी एक प्रश्न. पिल्लू खरंच बेवारस आहे का? त्याची आई अन्नाच्या शोधात तासन् तास लांब गेलेली असू शकते. ती येत असेल, तर पिल्लं तिच्याजवळच राहू द्यावीत. आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही.

आणायचंच ठरलं, तर थेट स्वयंपाकघरात नको. पहिले दोन आठवडे त्याची सोय वेगळी हवी. बंद होणारी पडवी, बाहेरची न्हाणी, जिन्याखालची जागा, काहीही चालेल. फक्त घरच्या जनावरांचा तिथे वावर नको. काहींना हे निष्ठुर वाटेल. पण पिल्लू वरून टुणटुणीत दिसतं आणि आत पार्व्होचा आजार शिजत असतो. लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांत, कधी दोन आठवड्यांनीही, उलट्या आणि घाण वासाचे, रक्ताचे जुलाब सुरू होतात. लस न घेतलेली पिल्लं यात पटापट दगावतात. आपल्या मोत्याची लस राहिली असेल, तर तोही धोक्यात. हा विषाणू जमिनीत, फरशीवर, आपल्या चपलेच्या तळव्याला चिकटून महिनोन् महिने जिवंत राहतो. म्हणून पाहुण्याचं ताट, गोणपाट, झाडू आणि चप्पलसुद्धा वेगळी ठेवायची. आधी घरच्यांचं खाणंपिणं उरकायचं, मग पाहुण्याकडे जायचं आणि साबणाने हात धुऊनच परतायचं.

आणि फिनेलवर विसंबू नका. पार्व्होचा विषाणू त्याने खात्रीने मरत नाही. शिवाय मांजर ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटते. फिनेल तिला विषासारखं बाधतं. आधी घाण साबणाने धुवावी, मग एक भाग घरगुती लिक्विड ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण दहा मिनिटं राहू द्यावं. नंतर जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नये.

मांजर असलेल्या घरात आणखी एक सावधगिरी. कुत्र्याच्या गोचिडांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजरीच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून दुकानदाराने दिलं नि लावलं, असं करू नका. 'घरात मांजर आहे' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आपल्या तापाची पॅरासिटॅमॉलची गोळी तर मांजरीला कधीच नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांतच पिल्लाला जनावरांच्या दवाखान्यात न्यावं. जंताचं औषध, गोचीड-पिसवा, खरूज, गजकर्ण, सगळं तपासून घ्यावं. खरूज आणि गजकर्ण तर मुलांनाही होऊ शकतं. पार्व्हो-डिस्टेंपरची एकत्रित लस दीड-दोन महिन्यांच्या वयापासून सुरू होते आणि पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. एक सुई टोचली की झालं, असं नसतं. शरीरात ताकद तयार व्हायला दिवस लागतात.

रेबीजबद्दल तर भाबडेपणा नकोच. लहान पिल्लालाही तो असू शकतो. दात लागला, ओरखडा उठला किंवा जखमेवर लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, सांगितलेली सगळी इंजेक्शनं पूर्ण करा. रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं.

दोन आठवडे नीट गेले, डॉक्टरांनी होकार दिला, की ओळखपरेड! आधी नुसता वास. पाहुण्याचं फडकं मोत्याजवळ, मोत्याचं पाहुण्याजवळ. मग लस पूर्ण झाली असेल तर दोघांची भेट अंगणाबाहेर, मोकळ्या जागी, दोरी सैल ठेवून. मांजरीला कपाटावर, माळ्यावर चढायला वाट मोकळी हवी. कोंबड्या डालल्याखालीच बऱ्या. ताटल्या लांब लांब ठेवा आणि तुम्ही घरात नसाल तेव्हा आणि रात्री, दारं बंद. मोत्या गुरगुरला तर त्याला रागावू नका. 'लांब राहा' हे सांगायची त्याची ती भाषा आहे. ती दाबली, तर तो पुढच्या वेळी न सांगता चावेल. भांडण जुंपलंच, तर मधे हात घालू नका. पाण्याची बादली ओता, थाळी बडवा.

आता आपल्याबद्दल. पिल्लू आणते लेक, 'राहू दे गं' म्हणतात हे, आणि पहाटे उठून शी पुसते कोण? म्हणून पिल्लू आत येण्याआधी घरात बसून बोला. औषधाचा खर्च कुणाचा? सकाळची पाळी कुणाची? सासूबाईंना दम्याचा त्रास असेल तर काय? किती दिवस? कॅलेंडरवर तारीख लिहा. कुणी संस्था किंवा ओळखीचं माणूस सोपवत असेल, तर पिल्लू परत घ्यायची जबाबदारी कुणाची, हे लिहून घ्या. पुढचं घर शोधताना, जो नुसता 'राखणीला हवा' म्हणतो त्याला चार प्रश्न जास्त विचारा. लसीचं कार्ड हातात द्या आणि नसबंदी करायचं वचन घ्या. आपल्याच गल्लीतला मोठा, जखमी कुत्रा सांभाळला असेल, तर तो बरा झाल्यावर पुन्हा त्याच गल्लीत सोडणं बरं. नसबंदी, लसीकरणानंतर कुत्रा मूळ जागीच सोडावा, असं 2023 चे केंद्र सरकारचे नियमही सांगतात.

आणि जागा नसेल, हाताशी पैसा नसेल, घरातली जनावरं म्हातारी, आजारी असतील, तर 'नाही' म्हणा. त्यात कमीपणा नाही. पिल्लाला रिक्षाने दवाखान्यात नेणं, लसीचे पैसे देणं, चार घरी शब्द टाकणं, हीही मदतच आहे.

तूर्त एवढंच करा. आज संध्याकाळी कपाटातून आपल्या मोत्याचं, मनीचं लसीचं कार्ड काढून तारीख बघा. उलटून गेली असेल, तर आधी ती टोचून घ्या. पाहुणा काही सांगून येत नाही.