आधी मर्यादा, मग आराखडा

किनवटच्या माणसाला अवकाशातल्या किरणोत्साराची चिंता नसते. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि डोक्यावरची हवा या त्याच्या दोन ढाली. सुमारे 400 किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या गगनयानाला पहिली ढाल बऱ्याच अंशी मिळेल. चंद्रावर दोन्ही नाहीत, आणि 2040 पर्यंत तिथे भारतीय उतरवण्याचे आपले उद्दिष्ट आहे.

एक्स-रे खोलीतला शिशाचा एप्रन तिथे पुरत नाही. वैश्विक किरणांचे वेगवान कण जड धातूवर आदळले की आणखी कण उडतात. त्यापेक्षा पाणी, पॉलिथिन असे हायड्रोजनयुक्त पदार्थ बरे. वस्तीवर तर मातीचा जाड थरच हवा. ऑगस्ट 1972 मधले मोठे सौर वादळ अपोलो-16 आणि अपोलो-17 यांच्या मधल्या काळात आले, हे केवळ नशीब.

भारतात किरणोत्साराजवळ काम करणाऱ्यांना वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. क्युरिऑसिटीने मंगळाच्या वाटेवर दिवसाला सुमारे 1.8 मिलिसिव्हर्ट मोजले. म्हणजे वर्षाचा वाटा अकरा-बारा दिवसांत संपतो. नासाने अंतराळवीरांसाठी कारकिर्दीची मर्यादा 600 मिलिसिव्हर्ट ठरवली आहे.

ढाल म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे खर्च. यान तयार होताना ढाल पातळ करण्याचा मोह होणारच. म्हणून दूरच्या मोहिमांसाठीची मर्यादा भारताने आराखड्याआधी ठरवावी आणि जाहीर करावी.