बाळ ओढत नाही, हा बाळंतिणीचा दोष नव्हे

"हिला बोंडच नाही, बाळ ओढणार काय?" बाळंतिणीच्या खाटेशेजारी उभं राहून हे वाक्य अगदी सहज बोललं जातं. बोलणारी कधी सासू असते, कधी फुफू, कधी मुलीची स्वतःची अम्मी, तर कधी वॉर्डातली आया. ऐकणारी मुलगी टाके पडलेली आणि दोन रात्री न झोपलेली असते. तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपतो. काही तासांत पावडरचा डबा येतो. पुढे आयुष्यभर तिला ऐकवलं जातं, "कुरआनात दोन वर्षं पाजायला सांगितलंय, तुला दोन दिवस जमलं नाही."

माझ्या मते यातल्या दोन्ही गोष्टी चूक आहेत. पहिली शरीराविषयीची, दुसरी धर्माविषयीची.

आधी शरीराचं पाहू. काही स्त्रियांची स्तनाग्रं चपटी असतात, काहींची आत ओढलेली असतात. पण बाळ नुसतं बोंड चोखत नाही. ते तोंड मोठं उघडून भोवतालचा काळसर भागही तोंडात घेतं आणि दूध त्या भागावर पडणाऱ्या दाबाने येतं. बाळ नीट ओढू लागलं की चपटं बोंडही त्याच्या तोंडात लांब होतं. म्हणजे अडचण खरी असली, तरी ती सुरुवातीच्या काही दिवसांत मदत मागणारी अडचण आहे. 'दूध नाही' असा तिचा अर्थ होत नाही.

ही मदत महागडी नसते. जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. पाजण्याआधी बोटांनी बोंड हलकेच चोळून वर आणायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरून छाती दगडासारखी होते, तेव्हा चपटं बोंड आणखीच आत जातं. अशा वेळी हाताने थोडं दूध काढून छाती मऊ करायची आणि मग बाळाला लावायचं. बाळाला काखेखाली धरून पाजलं, तर काही आयांना जास्त सोपं जातं.

सिरिंजचाही एक उपाय आहे. कर्नाटकातल्या दावणगेरे इथल्या डॉक्टरांनी 1993 साली तो शोधनिबंधातून मांडला. सिरिंजचं सुईकडचं टोक कापायचं, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने आत घालायचा आणि दुसरी गुळगुळीत बाजू स्तनावर ठेवून, दुखणार नाही इतपतच, अर्धा-एक मिनिट ओढून धरायचा. काढताना आधी दट्ट्या सैल सोडायचा. काही रुपयांची सिरिंज आणि दाखवून देणारी नर्स, एवढंच लागतं. गरोदरपणात मात्र बोंडं ओढत बसू नये. त्याचा फारसा उपयोग होत नाही.

तोवर बाळ उपाशी ठेवायचं का? नाही. हाताने काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजता येतं. बाटली मात्र शक्यतो टाळावी. तिची सवय लागलेली काही बाळं नंतर छातीला लागायला कुरकुरतात.

माझ्या भाचीच्या वेळी दुसऱ्याच रात्री डब्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी हातात पडली. तोवर तिच्याजवळ कोणी दहा मिनिटंही बसलं नव्हतं. 1992 च्या कायद्याने आपल्याकडे बाळाच्या पावडर दुधाची जाहिरात करायला आणि आयांना फुकट नमुने वाटायला बंदी आहे. पण आपली भीतीच तो डबा घरात आणते. तिथे कायदा काय करणार?

आता धर्माचं. सूरह अल-बकराची 233वी आयत 'दोन वर्षं' एवढ्यावर संपत नाही. बाळंतिणीच्या अन्न-वस्त्राची जबाबदारी ती बापावर टाकते. कोणावरही कुवतीपेक्षा जास्त भार टाकू नये, मुलामुळे आईला त्रास होऊ नये, असं बजावते. दूध तोडायचं असेल तर दोघांनी सल्लामसलतीने ठरवावं, आणि दुसरीकडून दूध पाजून घेण्यातही गुन्हा नाही, असंही सांगते. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हलीमा सादिया यांनी दूध पाजलं. म्हणून बीबी आमिनांना कोणी अपुरी आई म्हटलं नाही. आयतीतलं एकच वाक्य उचलून बाळंतिणीला टोमणा मारायचा आणि बापाविषयीचं वाक्य गिळायचं, याला मी दीनदारी म्हणणार नाही.

सगळे प्रयत्न करूनही काही बाळांना दूध पुरत नाही. बाळ सुस्त पडून राहतं, पाजायला उठवलं तरी उठत नाही, पाचव्या दिवसानंतरही चोवीस तासांत सहापेक्षा कमी वेळा लघवी करतं किंवा दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येत नाही, तर लगेच डॉक्टरांकडे न्यावं. त्यांनी वरचं दूध सांगितलं तर ते निर्धास्त द्यावं. त्यात आईचा कसूर नाही, गुनाह तर नाहीच.

बापांना आणि घरातल्या मोठ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. आठव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारा की बोंडं चपटी आहेत का आणि बाळंतपणानंतर पाजायला शिकवणारं कोण आहे. रात्री बाळ उचलून देणं, बाळंतिणीला वेळेवर जेवू घालणं, भेटायला येणाऱ्यांची गर्दी थांबवणं ही तुमची कामं आहेत. सातव्या दिवसाच्या अकीक्याला किती माणसं बोलवायची, याचा हिशेब आपण आधीच मांडतो. पहिल्या तीन रात्री बाळंतिणीजवळ कोण बसणार, हेही आधीच ठरवायला हवं.