आधी बंदुका खाली, मगच मतपेटी

यादवी युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशातली पहिली निवडणूक इतर निवडणुकांसारखी नसते. स्थिर देशात हरलेला पक्ष विरोधी बाकांवर बसतो आणि पुढच्या खेपेची वाट पाहतो. युद्ध नुकतेच थांबलेल्या देशात हरलेल्या पुढाऱ्याच्या हाताशी अजून फौज असते, लपवलेली हत्यारे असतात आणि जंगलात परतायची वाट पायाखालची असते. निकाल मानायचा की पुन्हा बंदूक उचलायची, हे तो मतमोजणी चालू असतानाच ठरवतो. त्या वेळी त्याला अडवायला कोण उभे आहे, यावर लाखो लोकांचे प्राण अवलंबून असतात. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना अशा निवडणुकीत जाते ती यासाठी.

सुरतेतल्या मराठी वाचकाला हा विषय सातासमुद्रापलीकडचा वाटेल. तसा तो नाही. गेल्या साडेतीन दशकांत शांतिसेनेच्या आधाराने निवडणुका झाल्या त्या अंगोला, सिएरा लिओन, लायबेरिया, आयव्हरी कोस्ट, काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या देशांच्या लढायांत हिऱ्यांचा पैसा खेळत होता. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ भारतात घासले जातात आणि त्यांतले बहुतेक सुरतेत. आफ्रिकेत कोणाच्या हातात बंदूक राहिली आणि ती कशाच्या पैशावर राहिली, या प्रश्नाचा एक धागा वराछा आणि कतारगामच्या हिरे घासण्याच्या घंट्यांपर्यंत येतो.

निवडणुकीच्या कामात भारत नवखा नाही. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडणारे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनाच 1953 मध्ये सुदानच्या पहिल्या संसदीय निवडणुकीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद देण्यात आले होते. शांतिसेनेच्या देखरेखीखाली झालेली पहिली मोठी निवडणूक नोव्हेंबर 1989 मधली, नामिबियाची. तिथल्या सेनेचे प्रमुख लेफ्टनंट जनरल दिवाण प्रेमचंद हे भारतीय होते. जेमतेम चौदा लाख वस्तीच्या त्या देशात सैनिक, पोलीस आणि मुलकी कर्मचारी मिळून सुमारे 8,000 माणसे पाठवली गेली. दक्षिण आफ्रिकेचे सैन्य आधी छावण्यांत गेले, मग टप्प्याटप्प्याने देशाबाहेर. मतदान 97 टक्क्यांच्या वर झाले आणि 21 मार्च 1990 रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. पुरेशी माणसे आणि आधी हत्यारांचा बंदोबस्त, या क्रमाने काम केले तर निवडणूक टिकते, हे तिथे दिसले.

नामिबियाच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या अंगोलात तीनच वर्षांत याच्या नेमके उलट करण्यात आले. अंगोला नामिबियापेक्षा कितीतरी मोठा, लोकसंख्या कोटीच्या घरात, सोळा वर्षांच्या युद्धाने पोखरलेला. 31 मे 1991 च्या बिसेस करारानंतर तिथे पाठवलेल्या मोहिमेत लष्करी निरीक्षक 350 आणि पोलीस निरीक्षक 126 होते. मतदानाच्या दोन दिवसांसाठी निवडणूक निरीक्षक आणले तेही 400. मोहिमेच्या प्रमुख मार्गारेट अ‍ॅन्स्टी यांच्या हाती सैन्य नव्हतेच. सरकार आणि जोनास साविंबी यांची बंडखोर संघटना युनिटा या दोघांच्या फौजा विसर्जित करून एक नवे सैन्य उभारायचे ठरले होते. ते उभारल्याची घोषणा झाली मतदानाला दोन दिवस उरले असताना, आणि तीही कागदावर. युनिटाच्या तुकड्या हत्यारांसकट शाबूत होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होते. तरी तारीख पुढे ढकलली गेली नाही, कारण मोठ्या देशांना हे प्रकरण स्वस्तात आणि लवकर मिटवायचे होते.

29 आणि 30 सप्टेंबर 1992 रोजी अंगोलाच्या जनतेने आपले काम चोख केले. नव्वद टक्क्यांहून अधिक मतदान झाले. राष्ट्राध्यक्ष दोस सांतुश यांना 49.57 टक्के आणि साविंबींना 40.07 टक्के मते पडली. साविंबींनी निकाल नाकारला, फौज बाहेर काढली आणि निम्म्याहून अधिक मते कोणालाच न मिळाल्याने घ्यायची दुसरी फेरी झालीच नाही. 1993 मध्ये या युद्धात दिवसाला हजार माणसे मरत असल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. ते थांबले फेब्रुवारी 2002 मध्ये साविंबी मारले गेल्यावर. मधली वर्षे युनिटाला पैसा पुरवला ईशान्य अंगोलातल्या हिऱ्यांच्या खाणींनी. ग्लोबल विटनेस या संस्थेच्या 1998 च्या अहवालात 1992 पासूनच्या या कमाईचा अंदाज 3.7 अब्ज डॉलर दिला आहे. युनिटाच्या हिऱ्यांवर सुरक्षा परिषदेने बंदी घातली तीही 1998 मध्येच. तोवर तो माल अँटवर्पच्या बाजारात उघड खपत होता. शांतिसेनेवर वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट किंमत अंगोलाच्या गावांनी मोजली.

सिएरा लिओनची हकिकत आणखी विदारक आहे, पण तिचा शेवट वेगळा झाला. 1996 च्या निवडणुकीपूर्वी आणि नंतर रिव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंट या बंडखोर संघटनेने गावागावांत लोकांचे हात तोडले. ज्या हाताने मत द्यायचे तो हातच ठेवायचा नाही, असा तो हुकूम होता. 22 एप्रिल 2024 रोजी सुरत लोकसभा मतदारसंघात एकच उमेदवार उरून निकाल बिनविरोध लागला, आणि 7 मे रोजी वराछा-कतारगामच्या मतदारांना मत देताच आले नाही. त्या वेळी ज्यांना हळहळ वाटली, त्यांना मताचा हक्क जाणे म्हणजे काय ते थोडेतरी कळते. सिएरा लिओनच्या शेतकऱ्याने त्या हक्कासाठी मनगट गमावले.

त्यानंतर जुलै 1999 मध्ये लोमे येथे जो करार झाला तो लाजिरवाणा होता. बंडखोरांचा म्होरक्या फोडे सँको याला माफी मिळाली आणि देशाच्या खनिज संपत्तीच्या आयोगाचे अध्यक्षपदही मिळाले. म्हणजे ज्या हिऱ्यांसाठी कत्तली झाल्या, त्यांच्याच किल्ल्या त्याच्या हाती गेल्या. शांतिसेना उतरली ती मेजर जनरल विजय जेटली या भारतीय सेनापतीच्या हाताखाली, पण अपुऱ्या संख्येने. मे 2000 मध्ये बंडखोरांनी सुमारे 500 शांतिसैनिकांना ओलीस धरले. कैलाहूनला गोरखा रायफल्सच्या दोन कंपन्या सुमारे अडीच महिने वेढ्यात अडकल्या होत्या. जुलैमध्ये भारतीय तुकड्यांनी ‘ऑपरेशन खुकरी’ करून वेढा फोडला आणि आपली माणसे बाहेर काढली. नंतर मोहिमेतल्या मतभेदांमुळे भारताने आपली तुकडी परत बोलावली.

इथे अंगोलाचीच पुनरावृत्ती होऊ शकली असती. ती झाली नाही, कारण या वेळी जगाने मागे पाऊल घेतले नाही. सैनिकांची मंजूर संख्या 17,500 पर्यंत नेली गेली. जुलै 2000 मध्ये सुरक्षा परिषदेने सरकारी प्रमाणपत्राशिवाय सिएरा लिओनचा रफ म्हणजे कच्चा हिरा विकत घेण्यास मनाई केली. ब्रिटिश सैन्यही उतरले. निवडणुकीची घाई कोणी केली नाही. आधी हत्यारे गोळा झाली. सगळे टप्पे मिळून 72,000 हून अधिक लढवय्यांनी ती खाली ठेवली. जानेवारी 2002 मध्ये युद्ध संपल्याचे जाहीर करून जमा झालेल्या हत्यारांची होळी करण्यात आली, आणि त्यानंतर चार महिन्यांनी, 14 मे 2002 रोजी मतदान झाले. मतपेट्या आणि मतपत्रिका दुर्गम भागांत पोचवण्यापासून रस्त्यांवरच्या पहाऱ्यापर्यंतची कामे शांतिसेनेने केली. बंडखोरांच्या पक्षाला संसदेत एकही जागा मिळाली नाही. बंदूक हातात असताना ज्यांना सगळा देश घाबरत होता, त्यांची खरी किंमत ती उतरल्यावर लोकांनी दाखवून दिली. सेना लगेच निघून गेली नाही. ती डिसेंबर 2005 पर्यंत राहिली. 2007 च्या निवडणुकीत विरोधी पक्ष जिंकला आणि सत्ता शांतपणे त्याच्याकडे गेली.

काँगोतली 2006 ची निवडणूक आकाराने याहून अवाढव्य होती. अडीच कोटी मतदार, सुमारे 50,000 मतदान केंद्रे आणि पक्के रस्ते जवळपास नाहीत. राष्ट्राध्यक्षपदासाठी 33 उमेदवार होते, आणि किन्शासात संसदेची मतपत्रिका अनेक पानांची, वर्तमानपत्रासारखी उलगडावी लागत होती. ते साहित्य हेलिकॉप्टर, होड्या आणि माणसांच्या डोक्यावरून पोचले. उत्तर किवू प्रांतात भारतीय ब्रिगेड तैनात होती. मतदान पार पडले, पण पूर्वेकडच्या टोळ्यांची हत्यारे तशीच राहिली आणि तिथला रक्तपात आजही थांबलेला नाही.

या मोहिमांवर घेतला जाणारा मोठा आक्षेप असा की त्या महागड्या असतात आणि तरीही फसतात. कंबोडियाचे उदाहरण हमखास दिले जाते. तिथे 1992-93 मध्ये सुमारे 22,000 माणसे आणि दीड अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्ची पडली, मे 1993 मध्ये सुमारे 90 टक्के मतदान झाले, तरी हरलेल्या पंतप्रधान हुन सेन यांनी खुर्ची सोडली नाही आणि देशाला दोन पंतप्रधान मिळाले. 1997 मध्ये त्यांनी दुसऱ्याला बळाने हुसकून लावले. पण कंबोडियात चुकले काय? कोणत्याच फौजेचे निःशस्त्रीकरण पुरे झाले नव्हते आणि मतदानानंतर चार महिन्यांत मोहीम गुंडाळली गेली. पूर्व तिमोरमध्ये 30 ऑगस्ट 1999 च्या सार्वमतावेळी सुरक्षेची जबाबदारी इंडोनेशियाच्याच पोलिसांकडे ठेवली गेली आणि संयुक्त राष्ट्रांची माणसे निःशस्त्र होती. 78.5 टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल देताच त्यांच्या घरांना आगी लावण्यात आल्या. आयव्हरी कोस्टमध्ये 2010 मध्ये हत्यारे अर्धवटच जमा झालेली असताना मतदान उरकले. हरलेले राष्ट्राध्यक्ष ग्बाग्बो अडून बसले आणि सुमारे 3,000 माणसे मेली. तिथे सेना जागेवर होती आणि संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने निकाल प्रमाणित केला होता, म्हणून अखेर जनतेचा कौल टिकला. या फसलेल्या निवडणुकांवरून शांतिसेना नको, असा निष्कर्ष निघत नाही. अर्धी सेना पाठवू नये आणि अर्ध्यावर तिला परत नेऊ नये, एवढाच निघतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो झाकून ठेवता कामा नये. काँगोत आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात काही शांतिसैनिकांनी रक्षण करायचे त्याच स्त्रियांवर आणि मुलांवर अत्याचार केले. खटला चालवण्याचा अधिकार सैनिकाच्या मायदेशाकडे असल्याने बरेच गुन्हेगार सुटले. हे बदललेच पाहिजे. भारताच्या महिला पोलिसांची तुकडी 2007 ते 2016 लायबेरियात राहिली. वर्दीतल्या स्त्रियांना पाहून तिथल्या मुली पोलीस दलात येऊ लागल्या. अशा तुकड्या वाढवणे हा त्या बदलाचा एक भाग आहे.

आता सुरतेकडे. रक्ताने माखलेला रफ बाजारात येऊ नये म्हणून 1 जानेवारी 2003 पासून किंबर्ले प्रक्रिया लागू झाली. रफ सीलबंद पेटीत आणि क्रमांक असलेल्या सरकारी प्रमाणपत्रासह यावा, असा तिचा नियम. तिचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. मे 2013 मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची निर्यात तिनेच रोखली. पण तिच्या व्याख्येत फक्त सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांचा हिरा ‘संघर्षाचा हिरा’ ठरतो. सरकारी सैनिकांनी खाणमजुरांना गोळ्या घातल्या तरी तो माल साफ. झिम्बाब्वेच्या मारांगे खाणींत 2008 मध्ये हेच घडले, आणि ही योजना उभी राहण्यास कारण ठरलेली ग्लोबल विटनेस 2011 मध्ये तिच्यातून बाहेर पडली. शिवाय दुबई किंवा अँटवर्पमध्ये अनेक देशांचा माल एकत्र केला की कागदावर ‘मिश्र मूळ’ एवढेच उरते. महिधरपुऱ्याच्या रस्त्यावर दलाल कागदाची पुडी उलगडतो तेव्हा आतला हिरा कोणत्या नदीकाठचा, कोणाच्या पहाऱ्याखाली खणलेला, हे त्याला सांगता येत नाही, आणि घंटीवर बसलेल्या रत्नकलाकाराला तर कोणी सांगतच नाही.

मूळ देश शोधणे अशक्य आहे, असे व्यापारी वर्षानुवर्षे सांगत आले. 2024 मध्ये जी-7 देशांनी रशियन हिऱ्यांवर बंदी आणली आणि तिसऱ्या देशात पैलू पाडलेल्या, ठरावीक वजनावरच्या हिऱ्याचेही मूळ विचारायला सुरुवात केली. युरोपातल्या युद्धासाठी जे विचारता येते, ते आफ्रिकेतल्या युद्धासाठीही विचारता येते. यातला भार कारागिरावर पडता कामा नये. मंदीने तो आधीच पिचला आहे. रफ विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आणि आयातदारांनी तो उचलावा.

ऑक्टोबर 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पैशाअभावी नऊ मोहिमांतले सुमारे एक चतुर्थांश सैनिक आणि पोलीस कमी करण्याचे जाहीर केले. काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक त्यांत आहेत. मोठ्या देशांनी वर्गणी थकवली, त्याचा हा परिणाम. अंगोलात 1992 मध्ये केलेली काटकसर पुन्हा चालू झाली आहे. भारताने आजवर 2,90,000 च्या आसपास सैनिक पाठवले आणि सुमारे 180 गमावले. इतका त्याग केलेल्या देशाने न्यूयॉर्कमध्ये ठणकावून सांगितले पाहिजे की थकबाकी भरा, हत्यारे जमा होईपर्यंत मतदानाची तारीख ठरवू नका, आणि दुसरी निवडणूक होईपर्यंत सेना काढू नका.

किंबर्ले प्रक्रियेचे अध्यक्षपद भारताने 2008 आणि 2019 मध्ये भूषवले आहे, त्यामुळे तिची व्याख्या रुंदावण्याची मागणी भारताच्या तोंडी शोभते. ती मागणी सुरतेतून उठावी. हिरा व्यापाऱ्यांच्या संघटनांनी तसा ठराव करावा. लिंबायत, उधना, डिंडोलीपासून वराछापर्यंतच्या नागरिकांनी, मराठी असोत वा गुजराती, आपापल्या खासदाराला तसे पत्र लिहावे, आणि प्रत्येक आयातदाराने पुढची पेटी सोडवण्याआधी मूळ देश लिहिलेला कागद मागावा.