तुम्हाला कुठं जायचंय आता?

गेले पंधरा दिवस आमच्याकडे एकच विषय चालू आहे, माझा नवा लॅपटॉप. जुना अकरा वर्षं चालला. आता त्याची बिजागरी गेली आहे, पडद्यामागं उशी लावल्याशिवाय तो उभा राहत नाही, आणि बॅटरी चहाला उकळी येईपर्यंतसुद्धा टिकत नाही. तेव्हा नवा घ्यायला हवा यावर सगळ्यांचं एकमत आहे. मतभेद आहे तो मापावर. पुण्याचा भाचा, ठाण्याची बहीण, बंगलोरची नात आणि दोन ब्लॉगर स्नेही, सगळे म्हणतात, "मोठा घ्या, पंधरा इंची." मी म्हणते चौदाच्या वर नको. फोनवर प्रत्येकाला वेगवेगळं समजावून दमले, म्हणून एकदाच इथं लिहून टाकते.

मोठ्याच्या बाजूची कारणं काही खोटी नाहीत. माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. आतला ऐवज सारखाच घेतला, तर लहान यंत्राला बहुधा चार पैसे जास्तच पडतात. वायरी जोडायची भोकंही लहानाला कमी असतात. हे सगळं मान्य. पण प्रत्येकाचं बोलणं शेवटी एकाच वाक्यावर येऊन थांबतं, "आणि तुम्हाला कुठं न्यायचाय तो?" पुण्याच्या दुकानातल्या मुलानं तर मला विचारलंच नाही. मला खुर्ची दिली, पाणी दिलं (मुलगा चांगला होता हो) आणि भाच्याकडे बघून म्हणाला, "आजींना काय, घरातच वापरायचाय ना? मग पंधरा इंचीच बघा." शेजारी एक कॉलेजची मुलगी उभी होती. तिला त्यानं पहिला प्रश्न केला, रोजचा प्रवास किती? माझं वय बघून त्यानं माझा प्रवास शून्य धरला.

तर मला कुठं जायचंय ते सांगते.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे, तीन वर्षं मी आमच्या औंढ्याच्या आणि आसपासच्या गावांतल्या शेतांची नावं लिहून घेते आहे. सातबाऱ्यावर "शेताचे स्थानिक नाव" असा एक रकाना असतो. मी जेवढे उतारे पाहिले, त्यांतल्या बहुतेकांवर तो कोराच. गट नंबर असतो, आकार असतो, पोटखराबा असतो, नाव नसतं. पण नावं होती आणि आहेत. कुठलं खाचर चिंचेखालचं, कुठलं देवाचं, कुठलं कुणाच्या लेकीला चोळीबांगडीला दिलेलं. ही नावं पुरुषांपेक्षा बायकांना जास्त पाठ आहेत, कारण चिखलात वाकून आवणी त्यांनीच केली. आता त्या बायका ऐंशीच्या पुढं गेल्या आहेत. एक्स्प्रेस वे झाला त्याला वीस वर्षं उलटून गेली, तेव्हापासून इकडची जमीन एकेक करून बंगल्यांना गेली. बंगल्याच्या फाटकावर नवं नाव लागतं. जुनं नाव त्या खाचरात चाळीस पावसाळे काढलेल्या म्हातारीकडे असतं, आणि ती गेली की तिच्याबरोबर जातं. गेल्या थंडीत माझ्या यादीतल्या दोघी गेल्या. एकीचं निम्मंच लिहून झालं होतं.

"वहीत लिहा की," असं बहीण म्हणते. वहीत लिहूनच सुरुवात केली होती. पण माझ्या कामात मागचं सारखं लागतं. एक आजी म्हणते, हे खाचर ओढ्याच्या वरच्या अंगाला. दुसरी म्हणते, खालच्या. दोघींचं लिहिलेलं तिथल्या तिथं काढून दाखवता आलं पाहिजे. लॅपटॉपवर नाव टाकलं की तीन वर्षांतलं सगळं समोर येतं. मी वाचून दाखवते, त्या डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच हात वर करतात, "बाई, तसं नाय. पाट हिकडनं जातो." ती दुरुस्ती त्याच क्षणी झाली तर होते. घरी येऊन करू म्हटलं की माझ्याच डोक्यातून निसटते. मोबाइलवर रेकॉर्डिंग करून पाहिलं. तो समोर ठेवला की आजी एकदम सभेत बोलल्यासारखं बोलायला लागतात. आणि मोबाइलवर अंगठ्यानं चार ओळींचं मराठी टंकायचं म्हणजे माझ्या वयाला शिक्षा आहे.

म्हणजे मला यंत्र न्यायचंय ते कुणाच्या तरी ओसरीवर. तिथं टेबल नसतं. वाकळ अंथरतात आणि म्हणतात, बसा. मांडी घालून बसायचं, मांडीवर यंत्र. आता पंधरा इंची यंत्र मांडीवर घेऊन बघा. त्याला उजव्या अंगाला आकड्यांची वेगळी बटणं असतात, त्यामुळं अक्षरांचा सगळा की-बोर्ड डावीकडे सरकतो. टेबलावर ते चालून जातं. मांडीवर मात्र हात डावीकडे, नजर मधोमध, आणि यंत्राचा एक कोपरा गुडघ्याबाहेर लोंबतोय, असं अर्धा तास बसलं की कंबर बोलायला लागते. मला आकडे लागतात ते गट नंबरापुरते. ते वरच्या रांगेतून टंकता येतात.

डोळ्यांचा मुद्दा सगळ्यांत वजनदार, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडते. शाळेत गणित शिकवलं नसलं, तरी पायथागोरस विसरले नाही. लॅपटॉपचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. कर्णावरून नुसता आकडा कळतो, आकार कळत नाही. पंधरा इंची म्हणून जो विकतात तो बहुधा १५.६ चा असतो आणि त्याचा पडदा लांबट, सोळास नऊ या प्रमाणातला. म्हणजे रुंदी साधारण ३४.५ सेंटीमीटर, उंची १९.४. आता चौदा इंची घ्या, पण सोळास दहा प्रमाणाचा. हल्ली तसे बरेच मिळतात. त्याची रुंदी ३०.२ आणि उंची १८.८. रुंदीत चार सेंटीमीटरचा फरक, पण उंचीत अवघे सहा मिलिमीटर! लिहिणाऱ्याला उंची लागते, कारण ओळी एकाखाली एक येतात. रुंदी जास्त लागते सिनेमा बघणाऱ्याला आणि हिशेबाचे लांबलचक तक्ते भरणाऱ्याला. हे मी कागदावर कापून, दोन्ही आयतं एकमेकांवर ठेवून भाच्याला दाखवलं. भाचा इंजिनिअर आहे. थोडा वेळ गप्प बसला.

दुसरं, अक्षर किती मोठं दिसतं हे पडद्याच्या मापापेक्षा आपण ते किती मोठं करून घेतो यावर असतं. आपली लिपी इंग्रजीसारखी एका पट्टीत बसत नाही. वर वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार. आणि "द्ध", "ष्ट", "द्व्य" यांसारखी जोडाक्षरं. बारीक अक्षरात ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, आणि माझ्यासारखीला ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की जेवण जात नाही. म्हणून मी पंधरा इंचीवरसुद्धा अक्षर दीडपट करूनच वाचते. तेच चौदावर केलं, तर ओळीत दोन शब्द कमी मावतील. मावू देत. शिवाय मांडीवरचं यंत्र टेबलावरच्यापेक्षा जवळ असतं आणि खाली असतं. दुहेरी काचेचा चष्मा वापरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. वाचायची काच खालच्या बाजूला असते, त्यामुळं मान वर करावी लागत नाही.

घरी बसून लांब लेख दुरुस्त करायचे, तर त्याला वेगळा उपाय आहे. टेबलावर एक साधा बावीस इंची पडदा ठेवायचा आणि घरी आलं की लहान यंत्राची वायर त्याला जोडायची. खर्च वाढतो, ते खरं. पण मोठा पडदा घरी ठेवता येतो आणि लहान यंत्र बाहेर नेता येतं. पंधरा इंचीचे दोन तुकडे करता येत नाहीत.

आता वजन. भाच्याचा पंधरा इंची आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. १ किलो ८२० ग्रॅम. चार्जर ४१० ग्रॅम, त्याचा तो विटेएवढा ठोकळा धरून. म्हणजे सव्वादोन किलो. नातीचा लहान १ किलो २४० ग्रॅम, चार्जर २६०. दीड किलो. फरक पाऊण किलोचा. "पाऊण किलोनं काय होतंय?" असं नात म्हणाली. तिचं वय बावीस. ती पाऊण किलो म्हणते, मी त्याच्यात पाण्याची बाटली, छत्री, चष्म्याची पेटी, गोळ्यांची डबी आणि आजीबाईंसाठी नेलेला खाऊ धरते. जुलै २०१५ मध्ये सरकारनं दप्तराच्या ओझ्याचा निर्णय काढला, मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा दप्तर जड नको. त्या हिशेबानं मला साडेपाच किलोंची परवानगी आहे! पण वजन पेलण्याचा प्रश्न नाहीच. सकाळी निघताना पिशवी उचलून बघितली आणि जड वाटली, तर माणूस म्हणतो, आज राहू दे, उद्या जाऊ. आमच्या वयात हा "उद्या" फार सोपा असतो.

पहिलीच्या वर्गात मी वर्षानुवर्षं पाट्या बघितल्या. हौसेनं मोठी दगडी पाटी आणून दिलेलं पोर ती भिंतीला टेकवून ठेवायचं आणि शेजारच्याच्या लहान पाटीवर लिहायचं.

हा लहान-मोठ्याचा वाद नवीन नाही. "बरोबर नेता येणारा" म्हणून १९८१ साली ऑस्बोर्न नावाचा जो संगणक निघाला, तो अकरा किलोंच्या आसपास होता आणि पडदा पाच इंची! पाण्यानं भरलेली बादली घेऊन फिरावं तसं. पुढं २००७ मध्ये आसूसनं सात इंची, किलोच्या आतला ईईई पीसी काढला. आपल्यातल्या काही जणांनी ब्लॉगवर पहिलं मराठी तसल्या चिमुकल्या यंत्रांवरच टंकलं. ती फार लहान झाली; बोटं एका वेळी दोन बटणांवर पडायची. म्हणून अकरा इंचीच्याही मी वाटेला जाणार नाही. तेरा-चौदाला बटणं पुऱ्या मापाची मिळतात.

त्याच २००७ मध्ये आमच्या घाटाखाली, कर्जत तालुक्यातल्या खैराट इथल्या छोट्याशा शाळेत "प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप" या प्रकल्पाची हिरवी-पांढरी यंत्रं आली होती. जेमतेम वीसबावीस मुलं. त्या प्रकल्पाचं पुढं काय झालं हा वेगळा विषय, त्यावर बरीच टीकाही झाली. पण यंत्र करणाऱ्यांनी एक गोष्ट बरोबर केली होती. पडदा साडेसात इंची, वजन दीड किलोच्या आत, उचलायला कडी, आणि भर उन्हात अक्षर वाचता यावं अशी सोय. मूल कुठं बसणार याचा विचार त्यांनी आधी केला, पडदा किती मोठा असावा याचा नंतर. आजीसाठी यंत्र निवडताना हाच विचार कुणाला सुचत नाही, याची मला गंमत वाटते.

आमच्याकडचा पाऊस धरला नाही, तर हिशेब अपुरा राहील. लोणावळ्याचा पाऊस ज्यांनी बघितलाय, त्यांना सांगायला नको. चौदा इंची यंत्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, साध्या कापडी पिशवीत घालून रेनकोटच्या आत छातीशी धरता येतं. पंधरा इंचीचं कोपर बाहेर येतंच. वीज गेली की चार-चार तास येत नाही, तेव्हा बॅटरीही बघायची. मोठं यंत्र म्हणजे मोठी बॅटरी असं समजू नका. स्वस्तातल्या मोठ्या यंत्रांत बॅटरी लहानच असते आणि मोठा पडदा वीज मात्र जास्त खातो. खोक्यावर वॉट-अवर किती लिहिलेत ते वाचायचं. दुकानदार ते आपण होऊन सांगत नाहीत.

सगळ्यांनीच लहान घ्यावा असं मी म्हणत नाही. ठाण्याच्या बहिणीला मी मोठाच सुचवेन. ती सोसायटीचे हिशेब ठेवते, तिला रुंद तक्ते लागतात आणि तिचं टेबल खिडकीशी पक्कं आहे. ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना अक्षर दुपटीहून मोठं लागतं, त्यांनीही मोठाच घ्यावा. पण तो त्यांनी स्वतः ठरवून घ्यावा. त्यांच्या डोक्यावरून दुकानदारानं भाच्याशी बोलून ठरवू नये.

भाचा येत्या रविवारी येतोय. यादीत सात घरं राहिली आहेत. त्यातलं एक देवल्याच्या बाजूला, तिथल्या आजींनी नव्वदी ओलांडली आहे आणि त्यांना दुपारी बाराच्या आत भेटावं लागतं, नंतर ऐकू येत असूनही त्या उत्तर देत नाहीत. आवणी सुरू झाली की घरात कुणी सापडणार नाही, तेव्हा जे काही व्हायचं ते पावसाआधी व्हायला हवं. दोन यंत्रं मनात आहेत, दोन्ही चौदा इंची. एकाचा पडदा चकचकीत आहे, दुसऱ्याचा निस्तेज. दुकानातल्या दिव्यांखाली चकचकीत छान दिसतो, पण ओसरीवर त्यात मला माझंच तोंड दिसेल अशी भीती आहे. तुमच्यापैकी कुणी निस्तेज पडद्यावर उन्हात बसून मराठी वाचलं असेल, तर रविवारच्या आत फोन करा. रफार आणि अनुस्वार वेगळे दिसतात का, तेवढंच सांगा.