दौंड-मनमाड मार्गाच्या आजच्या कारभाऱ्यांना

मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई यांस,



नगरच्या स्थानकावर ‘अहिल्यानगर’ अशी नवी पाटी लागली. तिच्याबद्दल तक्रार नाही. तिच्या पलीकडचे रूळ कुणाकुणाच्या हातून आपल्याकडे आले, ते आठवून द्यावे म्हणून हे पत्र.

१८७६ साली पावसाने दगा दिला आणि नगर जिल्हा दुष्काळात सापडला. त्या काळात या मार्गाच्या मातीकामावर उपाशी माणसे लावली गेली. मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर मजुरी कापली जात होती. दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे यांत धडधाकट माणूस जगतो, असा सरकारी हिशेब होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. तरीही १८७८ साली गाडी धावली. भीमा, मुळा, प्रवरा, गोदावरी ओलांडत जाणारा, सुमारे २३५ किलोमीटरचा मार्ग.

हा मार्ग नगरसाठी मात्र नव्हता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे कंपनीच्या दोन वाटा कल्याणला फुटत: एक थळ घाटाने मनमाडकडे, दुसरी बोर घाटाने दौंडकडे. दक्षिणेचा माल उत्तरेला न्यायचा तर एक घाट उतरून दुसरा चढावा लागे. तो वळसा चुकवायला ही आडवी वाट घातली. नगर, राहुरी, कोपरगाव वाटेत होते, एवढेच.

कारभाराची गोष्ट अर्धलीच्या शेतासारखी आहे. मार्ग सरकारी पैशाचा; १८८१ पासून गाड्या हाकायला जीआयपी. १९०० साली सरकारने जीआयपीच विकत घेतली, पण कारभार कंपनीकडेच ठेवला. १ जुलै १९२५ ला तोही सरकारने हाती घेतला. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली आणि सातबारा आपल्या नावावर आला. (सातबारा म्हटलेले आपल्या वकिलांना खपणार नाही, पण इथे दुसरा शब्द कुणाला समजत नाही.)

जिल्ह्याने मात्र हे रूळ आपलेसे केले. श्रीरामपूर तर स्थानकाभोवतीच वाढले, तरी स्थानकाचे नाव बेलापूरच राहिले आणि परगावचा पाहुणा आजही गोंधळतो. साखर, कांदा, शिर्डीचे भक्त, लष्करातले जवान, सगळे याच वाटेने गेले. बीडकडची गाडीही २०२५ मध्ये इथूनच सुटली.

नगर-पुणे शटल मागितली की उत्तर ठरलेले असे: मार्ग एकेरी, क्रॉसिंगला गाडी अडते, शिवाय दौंडला इंजिन फिरवावे लागते. पुण्यात शिकणारी आमची पोरे त्यामुळे एसटीने जातात. आता दौंडला कॉर्ड लाईन झाली, इंजिन फिरवायची गरज उरली नाही. दुहेरीकरणाचे बरेच टप्पे पुरे झाले. मग अडते कुठे? नवे जोडरूळ आम्ही पाहतो आणि त्यावरून मालगाड्या अधिक वेगाने पुढे जाताना पाहतो. आडव्या वाटेचे १८७८ चे गणित अजून तेच आहे, असे वाटते.

तेव्हा एक शटल द्या. कोपरगावहून पहाटे सुटून कचेऱ्या उघडण्याआधी पुण्यात पोचणारी, संध्याकाळी परतणारी, वांबोरी, विळद, सारोळ्यालाही थांबणारी. एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते, हे आपल्या तिकीट तपासनिसांना विचारले तरी कळेल.

आणि एक पाटी. ज्या बायाबापड्यांनी डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहून हा भराव उभा केला, त्यांच्यासाठी अहिल्यानगरच्या फलाटावर. नावे मिळणार नाहीत, ती मागतही नाही. मजकूर मराठीत असावा; उद्घाटनाचे साल खाली, दुष्काळाचे वर.

आपला,
वांबोरीचा एक प्रवासी