वीस हजारांची तडजोड

शनिवार सकाळ आहे, चहाचा दुसरा कप झालाय, आणि आज कोडिंगबद्दल काही लिहावंसं वाटत नाहीये. आज एक कबुली द्यायची आहे. बरेच दिवस मनात होती.

मे २०२३. शुक्रवारची संध्याकाळ, रिलीजची गडबड, आणि गावाहून बाबांचा फोन. (आमचं गाव नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात. पुण्यात हे सांगितलं की लोक अजूनही विचारतात, "म्हणजे धुळ्याजवळ का?" जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला मंडळी!) आमच्या शेतात कामाला येणारे एक दादा रस्त्याच्या कडेने पायी घरी चालले होते. लग्नावरून परतणाऱ्या एका कारने मागून उडवलं. मांडीचं हाड मोडलं. कारवाला पळून गेला नाही, हे त्याचं श्रेय. त्यानेच दवाखान्यात नेलं, पहिलं बिलही भरलं. दोन दिवसांनी गावातली चार मोठी माणसं मध्ये पडली आणि त्याने वीस हजार देऊ केले. अट एकच, पोलिसात जायचं नाही.

बाबांनी मला विचारलं, "काय करू दे त्याला? तू शिकलेला आहेस."

आणि या शिकलेल्या माणसाने काय सांगितलं? "घेऊन टाका म्हणावं. कोर्टात काय मिळतंय? वर माझे पाच हजार पाठवतो." फोन ठेवला, पाच हजार पाठवले, आणि परत कॉलवर गेलो. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

२०२४ च्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा दादा भेटले. पाय ओढत चालत होते. आमच्याकडून बरीच कुटुंबं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, तशी हीसुद्धा जायची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक जण बाद झाला की कोयता मोडला. मुकादमाने त्यांना उचल दिली नाही. मोठ्या मुलाची शाळा सुटली आणि तो आता बापाच्या जागी जातो. मी चाचरत विचारलं, तेव्हा केस का नाही केली? दादा हसले. म्हणाले, "जाऊ दे ना भाऊ, कोर्टना चकरा कोन मारी?"

त्यांनी मला दोष दिला नाही. तेच जास्त लागलं.

परत आल्यावर मोटार वाहन कायदा वाचायला बसलो. आपण एखाद्या लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन वाचतो ना, तसा. आणि वाचता वाचता लक्षात आलं की मी फोनवर दिलेला सल्ला पहिल्या शब्दापासून चुकीचा होता.

पहिला गैरसमज असा की "बिचाऱ्या कारवाल्याकडून किती घेणार? ओळखीचा माणूस आहे." अहो, पैसे त्याच्या खिशातून जायचेच नसतात! थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. आपण सगळे दरवर्षी कुरकुरत त्याचा प्रीमियम भरतो. तो भरतो कशासाठी? आपल्या गाडीने रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी म्हणूनच. त्या कारचा विमा चालू होता. म्हणजे दादांचे पैसे आधीच भरलेले होते, फक्त कोणी मागितले नाहीत. तडजोडीत दादांचं नुकसान झालं, कारवाल्याचे वीस हजार आणि बिल उगाच गेलं, आणि फायदा झाला तो फक्त विमा कंपनीचा. लायसन्सची भानगड असली तरी बहुतेक वेळा कंपनीने आधी जखमीला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असं सुप्रीम कोर्टाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात सांगितलंय.

अर्थात कारवाल्याची खरी भीती पैशाची नसते. ती गुन्हा दाखल होण्याची असते, आणि ती मी समजू शकतो. पण त्याची भीती घालवायची किंमत दादांनी पायाने का भरायची?

दुसरा गैरसमज, "चूक कोणाची हे कसं सिद्ध करणार?" कलम १६४ खाली चूक सिद्ध करावीच लागत नाही. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी ठरलेली रक्कम आहे. हाड मोडणं ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच. म्हणजे कमीत कमी मार्ग धरला तरी अडीच लाख, आणि आम्ही वीस हजारांवर सही घेतली! २००१ च्या कौशनुमा बेगम खटल्यात तर जीपचा टायर फुटून ती उलटली आणि पायी चाललेला माणूस गेला. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नव्हता, तरी सुप्रीम कोर्टाने भरपाई दिली. धोकादायक वस्तू रस्त्यावर आणणाऱ्याने तिची जबाबदारी घ्यावी, हे साधं तत्त्व.

तिसरा गैरसमज मोठा आहे. "मजुराकडे कुठे सॅलरी स्लिप असते?" नसते. म्हणून दावा शून्य होत नाही. २०११ मध्ये रामचंद्रप्पा खटल्यात एका हमालाने सांगितलेली महिन्याची साडेचार हजारांची कमाई सुप्रीम कोर्टाने कागदाशिवाय मान्य केली. त्याआधी २०१० मध्ये राजकुमार खटल्यात कोर्टाने सांगितलं की डॉक्टरने शरीराचं किती टक्के अपंगत्व लिहिलं एवढंच बघू नका, त्यामुळे त्या माणसाची कमाई किती बुडाली ते बघा. माझा पाय मोडला तर मी बसून कोड लिहीन. ऊस तोडणाऱ्याचा पाय मोडला तर त्याचा धंदाच संपतो.

आता हिशोब करू, आपल्याला तो आवडतो. कमाई महिना १२ हजार धरा. वय ३५. चाळिशीच्या आतल्या, स्वतः कमावणाऱ्या माणसाला भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के जास्त धरायचे, हा २०१७ चा प्रणय सेठी निकाल. झाले १६,८००. गुणिले १२ महिने, २,०१,६००. या वयाला गुणक १६, हा २००९ चा सरला वर्मा निकाल. झाले ३२,२५,६००. कमाईतली घट फक्त ३० टक्के धरली तरी ९,६७,६८०. औषधपाणी, वेदना, बुडालेली मजुरी आणि व्याज वेगळं. मी धरलेले आकडे ट्रायब्युनल जसेच्या तसे मानेल असं नाही. अर्धे मानले तरी वीस हजारांच्या शेजारी ठेवून बघा.

(याच सूत्रात माझा पगार टाकला तर रक्कम काही कोटींत जाते. त्याच रस्त्यावर, त्याच कारने, तसाच पाय मोडला तरी. हे मला खुपतं. पण सूत्र अन्यायकारक आहे म्हणून गरिबाने तेवढंही मागू नये, हा कुठला न्याय?)

चौथा मुद्दा चकरांचा, आणि तो खरा आहे. वर्षं जातात. पण दोन रस्त्यांची आपण गल्लत करतो. ड्रायव्हरला शिक्षा हा एक रस्ता आणि भरपाई हा दुसरा. सप्टेंबर २००२ मध्ये वांद्र्याला सलमान खानच्या गाडीखाली फुटपाथवर झोपलेले लोक सापडले. एक जण गेला, चार जखमी झाले. फौजदारी खटला डिसेंबर २०१५ पर्यंत चालला आणि हायकोर्टाने निर्दोष सोडलं. पण भरपाईपोटी १९ लाख भरायचा हायकोर्टाचा आदेश खटला उभा राहण्याच्या कितीतरी आधी झाला होता. शिक्षेला संशयापलीकडचा पुरावा लागतो. भरपाईला जास्त शक्यता कशाची, एवढंच बघतात. फौजदारीत सुटका झाली म्हणून भरपाईचा दावा आपोआप बुडत नाही.

चकरांबद्दल अजून एक. दावा कुठे लावायचा? अपघात झाला तिथे, किंवा जखमी राहतो तिथेही. हे आमच्या जिल्ह्यासाठी फार महत्त्वाचं आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, हे कौतुकाने सगळे सांगतात. पण बारडोली-सुरतकडे पोटासाठी गेलेल्या मजुराला तिथल्या रस्त्यावर गाडीने उडवलं, तर घरचे म्हणतात, "परक्या राज्यात कुठे जाणार?" जायची गरजच नाही. दावा नंदुरबारच्या ट्रायब्युनलमध्ये लावता येतो.

वकील? १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट न लावता. आमच्या जिल्ह्यात दहातले सात लोक आदिवासी आहेत. म्हणजे बहुसंख्य जिल्ह्याला हा हक्क आहे, आणि जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरण आहे. मिळालेल्या रकमेत टक्केवारी मागणारा वकील भेटला तर लक्षात ठेवा, निकालावर ठरणारी फी बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही.

आता दादांच्या केसचं काय? २०२५ च्या सुरुवातीला मी दोन वकिलांना कागद दाखवले. दोघांनीही मान हलवली. नव्या कायद्यात अपघातापासून ६ महिन्यांत दावा लावायची अट आहे, ती उलटून गेलेली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंतरिम आदेश दिला, की या मुदतीला दिलेल्या आव्हानाचा निकाल लागेपर्यंत ट्रायब्युनलनी उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत. मी आनंदाने फाईल परत काढली. पण खरी अडचण मुदतीची नव्हतीच. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर लिहिलंय, "घरी पडून मार लागला." आणणाऱ्याने सांगितलं, लिहिणाऱ्याने लिहिलं. एफआयआर नाही, गाडीचा नंबर कुठल्या कागदावर नाही, आणि "आमची काही तक्रार नाही" या चिठ्ठीवर मात्र दादांची सही आहे.

आपल्याकडे लॉग नसलेला बग टेस्टरने आणला तर आपण काय करतो? "नॉट रिप्रोड्युसिबल" लिहून बंद करतो. दादांचा मोडलेला पाय तसाच बंद झालाय.

२०२३ मध्ये देशात रस्त्यावर पायी चालणारे ३५ हजारांहून जास्त लोक मेले. जखमी वेगळे. त्यातल्या कितींच्या घरी अशी चिठ्ठी असेल, कोण जाणे.

म्हणून हे तुमच्यासाठी लिहितोय. तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच गावाहून आलेले आहात. असा फोन तुम्हालाही कधीतरी येईल, आणि तुम्हालाही विचारतील, "काय करू दे? तू शिकलेला आहेस." तेव्हा लगेच पैसे पाठवून मोकळे होऊ नका. आधी एवढं करा.

गाडीच्या नंबर प्लेटचा आणि जागेचा फोटो कोणाला तरी काढायला सांगा. दवाखान्यात "वाहनाची धडक" असंच लिहून घ्या आणि तो कागद स्वतः व्हॉट्सअॅपवर मागवून वाचा. पोलिसात नोंद करायला लावा. एफआयआरला उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळता येत नाही, हे २०११ मध्ये रवी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, पण म्हणून उशीर करू नका. नोंद झाली की पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल ट्रायब्युनलला द्यायचा आणि ९० दिवसांत सविस्तर, असा २०२२ पासूनचा नियम आहे. तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. मे २०२५ पासून नेमलेल्या रुग्णालयांत अपघातग्रस्ताला पहिल्या ७ दिवसांसाठी दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आहे, तिची चौकशी करा. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. त्यासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करायचा. आणि तडजोड करायचीच असेल तर ती लोकअदालतीत विमा कंपनीशी करा. ओट्यावर नको.

तडजोड हा शब्द आपल्याकडे शहाणपणाचा समजतात. भांडण मिटवणारा माणूस मोठा. दोन्ही बाजू सारख्या असतील तर खरंच मोठा. पण एक बाजू कारमध्ये बसलेली आणि दुसरी खाटेवर पडलेली असताना "मिटवून टाका" म्हणणारा मधला माणूस नसतो, तो कारमध्येच बसलेला असतो. त्या शुक्रवारी हिंजवडीतून मीही त्याच कारमध्ये बसलो होतो.

दादांच्या पायासाठी आता सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला काढायला दिलाय, आणि विधी सेवा प्राधिकरणात अर्जही केलाय. त्या संध्याकाळी रस्त्यावर असलेले दोन जण साक्ष द्यायला तयार झालेत. होईल की नाही, माहीत नाही. पुढच्या महिन्यात तारखेच्या कामासाठी दोन दिवस रजा टाकलीय. मॅनेजरने कारण विचारलं.

"जुना बग आहे," म्हटलं. "माझ्याच हातून झालेला."